अमीन सयानींना माईकपर्यंत नेणारा मोठा भाऊ: रेडिओचे हमीद सयानी आपण कसे विसरलो?

भारतात रेडिओवर बोलणाऱ्या एका माणसाचं नाव सांगा, असं कुणालाही विचारलं तर दहापैकी नऊ जण अमीन सयानींचं नाव घेतील. बिनाका गीतमाला, बुधवारची रात्र, आठचा ठोका आणि तो हसरा आवाज. ज्यांनी तो कार्यक्रम कधी ऐकला नाही, त्यांनाही हा आवाज माहीत असतो. आज एफएमवर बोलणाऱ्या कित्येक आरजेंनी हा आवाज ऐकूनच रेडिओत यायचं ठरवलं.

पण अमीन सयानींना रेडिओत कुणी आणलं?

उत्तर त्यांच्या घरातच आहे. त्यांचे थोरले भाऊ हमीद सयानी. धाकट्याच्या आधी रेडिओवर नाव कमावलेला हा माणूस. इंग्रजी कार्यक्रमांचा निवेदक, रेडिओ सिलोनसाठी मुंबईतून कार्यक्रम बनवणाऱ्या संस्थेचा कणा आणि बॉर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्टचा रेडिओवरचा पहिला क्विझमास्टर. १९७५ साली ते गेले आणि पुढच्या पन्नास वर्षांत त्यांचं नाव हळूहळू धाकट्या भावाच्या गोष्टीतली एक ओळ होऊन राहिलं.

ती ओळ नेमकी काय आहे, ते आज बघू.

घरातच भाषेची शाळा

सयानी कुटुंब मुंबईचं. वडील डॉ. जानमोहम्मद सयानी, पेशाने डॉक्टर. आई कुलसुम सयानी. हमीद आणि अमीन यांची गोष्ट समजून घ्यायची तर आधी या आईची गोष्ट माहीत हवी.

कुलसुमबाई गांधीजींच्या विचारांनी भारलेल्या होत्या. मुंबईच्या वस्त्यांमध्ये घरोघरी फिरून त्यांनी बायकांना लिहायला-वाचायला शिकवलं. प्रौढ साक्षरता हे त्यांचं आयुष्यभराचं काम. पुढे सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

१९४० साली त्यांनी 'रहबर' नावाचं पाक्षिक सुरू केलं. रहबर म्हणजे वाट दाखवणारा. हे पाक्षिक नव्याने वाचायला शिकलेल्या लोकांसाठी होतं. भाषा एकच, साधी हिंदुस्तानी, पण छपाई तीन लिप्यांमध्ये: देवनागरी, उर्दू आणि गुजराती. हिंदी आणि उर्दू या दोन वेगळ्या भिंती न करता दोघांनाही कळेल असं बोलायचं, हा गांधीजींचा आग्रह होता आणि रहबर त्याच आग्रहातून निघालं होतं. १९६० पर्यंत ते चाललं.

ज्या घरात दर पंधरवड्याला हा शब्द लोकांना कळेल का, यावर विचार व्हायचा, त्या घरात ही मुलं वाढली. रेडिओवर बोलणाऱ्याचंही पहिलं काम तेच असतं.

माईक, रंगमंच आणि जादू

मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ रोजी. तेव्हा ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचं होतं. कंपनी बुडाली, सरकारने कारभार हातात घेतला आणि १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. हमीद याच ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर इंग्रजी कार्यक्रम करू लागले.

त्या काळात बहुतेक कार्यक्रम थेट व्हायचे. टेपवर रेकॉर्ड करायचं, चुकलं तर पुन्हा बोलायचं, असा मामला नव्हता. तोंडातून गेलं ते गेलं. त्यामुळे उच्चार, श्वास, थांबणं, घड्याळाकडे लक्ष हे सगळं अंगात भिनलेलं लागायचं.

हमीद यांच्याकडे आणखी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे नाटक. मुंबईच्या इंग्रजी रंगभूमीवर थिएटर ग्रुप ही त्या काळातली महत्त्वाची संस्था. सुलतान पदमसी, इब्राहिम अल्काझी, नंतर अलिक पदमसी अशी मंडळी तिथून पुढे आली. हमीदही याच ग्रुपमधले.

दुसरी गोष्ट म्हणजे जादू. होय, हातचलाखीची जादू. हमीद सयानी जादूगार म्हणूनही ओळखले जायचे. मुंबईच्या जादूगारांच्या वर्तुळात त्यांच्या नावाची ट्रॉफीही दिली जात आली आहे.

आता नाटक आणि जादूचा रेडिओशी संबंध काय, असं वाटू शकतं. पण जादूगाराचं अर्धं काम बोलण्यात असतं. लोकांचं लक्ष कुठे न्यायचं, किती वेळ ताणून धरायचं आणि कधी सोडायचं, हे त्याला कळावं लागतं. रेडिओ निवेदकालाही तेच करायचं असतं, फक्त त्याच्याकडे दाखवायला हात नसतात.

धाकट्याचं बोट धरून

अमीन यांचा जन्म १९३२ चा. ते लहान असतानाच हमीद त्यांना ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर घेऊन गेले. तिथल्या इंग्रजी कार्यक्रमांमध्ये अमीन यांनी भाग घ्यायला सुरुवात केली आणि जवळपास दहा वर्षं ते त्यात बोलत राहिले.

म्हणजे ज्या वयात बाकीची मुलं रेडिओच्या डब्यात माणूस कुठे बसला आहे ते शोधत होती, त्या वयात अमीन डब्याच्या दुसऱ्या बाजूला होते.

पुढे अमीन मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात गेले. इंग्रजीत बोलायची सवय झाली होती. आता हिंदीतही निवेदन करावं म्हणून त्यांनी ऑल इंडिया रेडिओत ऑडिशन दिली आणि नापास झाले. कारण होतं उच्चार. त्यांच्या हिंदीवर गुजराती आणि इंग्रजीची छाप होती.

ज्या माणसाला पुढे अख्खा देश हिंदुस्तानीतला सर्वात गोड आवाज म्हणणार होता, त्याला भाषेच्या परीक्षेत नाकारलं गेलं होतं.

इथे हमीद यांचा सल्ला कामी आला. रेडिओ सिलोनसाठी हिंदी कार्यक्रम मुंबईतच रेकॉर्ड होत होते. तिथे जाऊन बसायचं, चांगले निवेदक कसे बोलतात ते ऐकायचं आणि शिकायचं, ही वाट थोरल्या भावाने दाखवली. त्यांनी वशिला लावला नाही, की पुन्हा अर्ज कर असंही सांगितलं नाही. ऐकायला शिकवलं.

अमीन तिथे जाऊन बसू लागले. एक दिवस 'ओव्हल्टीन फुलवारी' या कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगला जाहिरात वाचणारा माणूस आलाच नाही. निर्माते बालगोविंद श्रीवास्तव यांनी तिथे बसलेल्या अमीनना संधी दिली. जमलं. मग दर आठवड्याला ती जाहिरात त्यांच्याकडे आली. मानधन काय, तर आठवड्याला ओव्हल्टीनचा एक डबा.

पण कार्यक्रम सिलोनचा, तर रेकॉर्डिंग मुंबईत का?

हे समजायला त्या काळचं रेडिओचं राजकारण बघावं लागेल.

स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला फक्त सहा रेडिओ केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. सगळी सरकारी. जाहिरातींना त्यावर जागा नव्हती.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. केसकर मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे जाणकार. रेडिओने लोकांची आवड घडवावी, असं त्यांचं मत होतं. सिनेसंगीत त्यांना हलकं वाटायचं. त्यांच्या काळात आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला मोठी जागा मिळाली, पण सिनेमाच्या गाण्यांवर कात्री चालली. गाण्यासोबत सिनेमाचं नाव सांगायचं नाही, कारण ती जाहिरात होते, असा नियम आला. निर्मात्यांनीही मग हक्क देणं थांबवलं आणि सिनेसंगीत आकाशवाणीवरून जवळपास गायबच झालं.

लोकांची आवड मात्र थोडीच गायब होते? लोकांनी सुई फिरवली आणि श्रीलंका गाठली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी आपल्या सैनिकांसाठी कोलंबोत शक्तिशाली ट्रान्समीटर उभारला होता. युद्ध संपल्यावर तो रेडिओ सिलोनला मिळाला. १९५० मध्ये तिथे व्यापारी सेवा सुरू झाली. लघुलहरी म्हणजे शॉर्टवेव्ह वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत खाली येतात, त्यामुळे हजारो किलोमीटर लांबही ऐकू येतात. कोलंबोतून निघालेला आवाज अख्ख्या भारतात पोहोचायचा.

भारतीय कंपन्यांना जाहिरात करायला जागा हवी होती, श्रोत्यांना गाणी हवी होती आणि सिलोनकडे ट्रान्समीटर होता. मुंबईत हे तिन्ही धागे जोडले गेले. डॅनियल मोलिना या अमेरिकन माणसाच्या पुढाकाराने रेडिओ अॅडव्हर्टायझिंग सर्व्हिसेस नावाची संस्था उभी राहिली. कार्यक्रम मुंबईत बनायचे, टेप विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून प्रसारित व्हायच्या.

या संस्थेत कार्यक्रम निर्मितीची जबाबदारी होती हमीद सयानींकडे.

म्हणजे सरकारी नोकरीच्या बाहेर, जाहिरातीच्या पैशांवर, श्रोत्यांच्या आवडीने चालणारा रेडिओ भारतीयांसाठी पहिल्यांदा जिथे घडत होता, तिथे हमीद होते. आज ज्याला आपण रेडिओतलं करिअर म्हणतो, त्याची सुरुवात या स्टुडिओमध्ये आहे.

२५ रुपयांचं काम, जे कुणालाच नको होतं

सिलोनवर इंग्रजी गाण्यांचा 'बिनाका हिट परेड' लोकप्रिय झाला होता. टूथपेस्ट कंपनीला तसाच कार्यक्रम हिंदी गाण्यांचा हवा होता. पण बजेट तुटपुंजं. जो करेल त्याने स्क्रिप्ट लिहायची, निवेदन करायचं, निर्मिती सांभाळायची आणि श्रोत्यांची पत्रंही फोडायची. आठवड्याचे मिळणार २५ रुपये.

जुनी मंडळी तयार नव्हती. नवखा अमीन तयार झाला.

३ डिसेंबर १९५२ रोजी बिनाका गीतमालाचा पहिला कार्यक्रम प्रसारित झाला. सात गाणी वाजली, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा होता. चाळीस-पन्नास पत्रं येतील असा अंदाज होता.

आली नऊ हजार.

पुढे हा आकडा आठवड्याला ६५ हजारांवर गेला. स्पर्धा बंद करून मग लोकप्रियतेनुसार गाण्यांची क्रमवारी लावायला सुरुवात झाली आणि पायदान हा शब्द घरोघरी पोहोचला.

इथून पुढची अमीन यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.

सोलापूरच्या रेडिओत काय ऐकू येत होतं?

आता हे सगळं सोलापुरात बसून बघू.

मुंबईपासून सुमारे ४०० किलोमीटर लांब असलेलं हे गिरणगाव. घरात मराठी, शेजारी कन्नड, पूर्व भागातल्या विणकरांच्या वस्तीत तेलुगू आणि पुढच्या गल्लीत उर्दू किंवा दखनी. स्वातंत्र्याच्या वेळच्या सहा केंद्रांत सोलापूर नव्हतं. अशा गावाला संस्कृतप्रचुर हिंदी बातम्या ऐकवायच्या तर अर्धं डोक्यावरून जाणार, आणि भारी उर्दू ऐकवायची तरी तेच होणार.

सिलोनच्या कार्यक्रमांतली हिंदुस्तानी मात्र या चारही घरांत कळायची. छोटी वाक्यं, रोजचे शब्द, ओळखीच्या माणसाने बोलावं तसा सूर. कुलसुमबाईंनी 'रहबर'साठी जी भाषा निवडली होती, तीच भाषा त्यांच्या मुलाच्या आवाजात सोलापूरसारख्या गावांत येऊन पोहोचली.

शॉर्टवेव्हची आणखी एक गंमत होती. आवाज कमी-जास्त व्हायचा, खरखर यायची, मधेच दुसरं स्टेशन घुसायचं. त्यात शब्द खणखणीत नसेल तर काहीच कळायचं नाही. म्हणून या पिढीच्या निवेदकांचे उच्चार इतके स्वच्छ होते. थेट प्रसारणात आणि रंगमंचावर तयार झालेल्या हमीद यांच्यासारख्या माणसांकडे ही तयारी आधीपासून होती. ती त्यांनी पुढच्यांकडे दिली.

सरकार बदललं, रेडिओ बदलला

सिलोनकडे वळलेले श्रोते परत आणायला आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू केली. सिनेसंगीत सन्मानाने परत आलं. जाहिरातींना मात्र आणखी दहा वर्षं थांबावं लागलं. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि पहिला मान मिळाला तो महाराष्ट्रातल्या केंद्रांना: मुंबई, पुणे आणि नागपूर. १९७० च्या सुमारास प्रायोजित कार्यक्रमही आले.

जे काम हमीद आणि त्यांची मंडळी परदेशी ट्रान्समीटरच्या आधाराने करत होती, ते आता आपल्याच रेडिओवर करता येणार होतं.

बॉर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट: हमीद यांचा शेवटचा मोठा डाव

कॅडबरी कंपनीची बॉर्नव्हिटा क्विझ आधी शहराशहरांत मुलांसमोर प्रत्यक्ष घेतली जायची. १९७२ मध्ये ती रेडिओवर आली आणि क्विझमास्टर झाले हमीद सयानी.

याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पण टीव्ही तेव्हा मूठभर घरांत. महाराष्ट्राच्या बाकी शाळकरी मुलांसाठी करमणूक म्हणजे रेडिओच.

रेडिओवर क्विझ घेणं दिसतं तितकं सोपं नाही. टीव्हीवर मुलाचा चेहरा दिसतो, घड्याळ दिसतं, गुण दिसतात. रेडिओवर यातलं काहीच नाही. कोणत्या शाळेची पाळी आहे, कोण अडखळतंय, कुणाचा एक गुण कमी आहे, हे सगळं क्विझमास्टरच्या बोलण्यातून कळायला हवं. दोन सेकंदांची शांतता उत्कंठा वाढवते. तीच पाच सेकंदांची झाली की श्रोत्याला वाटतं, सेल संपले. पुन्हा समोर मुलं. चुकलेल्या मुलाला हसू न होता खाली बसवायचं, बरोबर आलेल्याला डोक्यावर चढवायचं नाही.

नाटक, जादू, थेट प्रसारण आणि सिलोनचा अनुभव, हमीद यांनी आयुष्यभर जे जे केलं ते सगळं या एका कार्यक्रमात कामाला आलं.

आणि घरची परंपराही. आई अक्षरओळख नसलेल्या मोठ्यांना शिकवत होती, मुलगा रेडिओवरून देशभरातल्या पोरांना प्रश्न विचारत होता.

१९७५ मध्ये हमीद सयानी गेले. कार्यक्रम सुरू होऊन उणीपुरी तीन वर्षं झाली होती.

रिकाम्या खुर्चीवर धाकटा भाऊ

कार्यक्रम बंद पडला नाही. क्विझमास्टरची खुर्ची अमीन सयानींनी घेतली.

ज्या भावाने लहानपणी स्टुडिओत नेलं, नापास झाल्यावर ऐकायला शिकवलं, त्याचंच काम पुढे न्यायची वेळ धाकट्यावर आली. तोपर्यंत गीतमाला सुरू होऊन वीसहून जास्त वर्षं झाली होती आणि अमीन स्वतः देशातला सर्वात ओळखीचा आवाज होते. तरी त्यांनी हे काम पुढे वर्षानुवर्षं केलं. १९९२ मध्ये ही क्विझ टीव्हीवर गेली आणि सूत्रं डेरेक ओब्रायन यांच्याकडे आली. नव्वदच्या दशकात मोठ्या झालेल्या पिढीला हाच कार्यक्रम डेरेक यांच्या चेहऱ्याने आठवतो. त्याआधीच्या पिढीला अमीन यांच्या आवाजाने.

हमीद आठवणारी पिढी त्याहून आधीची. आणि इथेच त्यांचं नाव मागे पडलं.

त्याची कारणंही साधी आहेत. हमीद यांचं बरंच काम इंग्रजीत होतं, त्यामुळे ते हिंदी सिनेगीतांइतकं घराघरांत गेलं नाही. त्यांनी कार्यक्रम बनवले, माणसं घडवली, पण निर्मात्याचं नाव श्रोत्याच्या लक्षात राहत नाही. आणि ते लवकर गेले. जुन्या रेडिओचा ठेवा जपायची, जुनी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकवायची लाट आली तेव्हा अमीन होते, हमीद नव्हते.

मग हमीद यांचं देणं काय?

अमीन सयानींच्या नावावर ५४ हजारांहून जास्त रेडिओ कार्यक्रम आणि १९ हजारांच्या आसपास जाहिराती-जिंगल्स सांगितल्या जातात. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. निवेदकाचं बोलणं कसं असावं हे सांगताना ते 'स' ने सुरू होणाऱ्या सात गुणांची यादी द्यायचे: सही, सत्य, स्पष्ट, सरल, सभ्य, सुंदर आणि स्वाभाविक. आवाज भारदस्त असावा असं या यादीत कुठेही नाही.

रेडिओत जायचं म्हणजे आवाज पाहिजे, असं आजही प्रत्येक कॉलेजात ऐकायला मिळतं. सोलापुरात आज आकाशवाणीचं स्वतःचं केंद्र आहे, खासगी एफएम आहेत, आणि आरजे व्हायचं स्वप्न बघणारी पोरंही आहेत. त्यातल्या कुणाला आपले मराठी, तेलुगू किंवा कन्नड वळणाचे उच्चार बघून हे आपलं काम नाही असं वाटत असेल, तर त्यांच्यासाठी या दोन भावांची गोष्ट आहे. उच्चारांमुळे नाकारला गेलेला मुलगा पुढे अमीन सयानी झाला, कारण त्याला कुणीतरी चांगलं बोलणाऱ्यांजवळ नेऊन बसवलं.

२० फेब्रुवारी २०२४ रोजी अमीन सयानी गेले. देशभरच्या वर्तमानपत्रांनी पानं भरून लिहिलं, लोकांनी गीतमालाच्या जुन्या क्लिप स्टेटसला ठेवल्या. त्या बातम्यांमध्ये सुरुवातीलाच कुठेतरी एक ओळ होती: त्यांना रेडिओत त्यांचे मोठे भाऊ हमीद यांनी आणलं.

ही गोष्ट त्या एका ओळीची.